मामाला परत पाठवलं त्याची गोष्ट

मास्तरला परदेशात आणलं मामाने, आणि मामाला तिथून परत पाठवलं मास्तरने. वैमानिकांच्या त्या वसाहतीत ही गोष्ट अजूनही एवढ्या एका वाक्यात सांगतात, आणि ऐकणारा नुसती भुवई उडवतो. वाक्यात खोटं काही नाही. खोटं नाही, हेच मास्तरचं दुखणं.

दोघंही एकाच फ्लाइंग क्लबातले. मामा चार-पाच वर्षांनी मोठा. नव्या पोरांना जेवणाचा डबा कुठे लावायचा, कुठला इन्स्ट्रक्टर चहाच्या आधी अंगावर येतो आणि चहानंतर गायला लागतो, हे सगळं तोच समजावून सांगायचा, म्हणून तो सगळ्यांचा मामा झाला. मास्तरचं नाव त्यानेच ठेवलेलं. हा पोरगा नियमांचं पुस्तक पानाच्या नंबरासकट पाठ म्हणायचा. मामा म्हणाला, "अरे, हा विमान चालवायला आलाय की शाळा तपासायला?" झालं, तेव्हापासून मास्तर.

पुढे मायदेशात मास्तरची विमान कंपनी बुडाली. विमानं जिथल्या तिथे उभी राहिली आणि कॅप्टन झालेला माणूस घरी बसला. वैमानिकाने घरी बसणं म्हणजे नुसती बेकारी नव्हे. हाताखाली विमान नसलं की परवानासुद्धा शिळा होत जातो. मास्तर रोज सकाळी गुळगुळीत दाढी करायचा, इस्त्रीचा शर्ट घालायचा आणि पेपर घेऊन हॉलमध्ये बसायचा. बायको कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायची. ती निघाली की तो दाराला कडी लावून घ्यायचा, कोणी येऊन "मग, सध्या काय चाललंय?" विचारू नये म्हणून.

अशात मामाचा फोन आला. मामा तेव्हा परदेशात एका मोठ्या कंपनीत ट्रेनिंग कॅप्टन होता, म्हणजे बाकीच्या वैमानिकांना शिकवणारा आणि तपासणारा. त्याच्या शब्दाला तिथे वजन होतं.

"मास्तर, कागद पाठव. आज. उद्या म्हणालास तर फोन ठेवतो."

मास्तरने त्याच दिवशी पाठवले. मामाने कुणाकुणाला गळ घातली, कुणाची मनधरणी केली, ते कधी सांगितलं नाही. मास्तर आणि त्याची बायको तिथल्या विमानतळावर उतरले तेव्हा मामा स्वतः गाडी घेऊन बाहेर उभा होता. फ्लॅट त्याच इमारतीत, मामाच्या बरोबर खाली. मामीने चमच्यापासून चादरीपर्यंत सगळं लावून ठेवलेलं, फ्रिज भरलेला, खिडक्यांना पडदे. "माझ्या जुन्या साडीचे शिवलेत," मामी मास्तरच्या बायकोला म्हणाली. "इथल्या पडद्यांकडे बघून रडू येतं गं. आल्या आल्या तरी रडायला नको."

वसाहत म्हणजे एकाच साच्यातून काढलेल्या इमारती, लांबच लांब कॉरिडॉर, त्यात गालिच्याचा कोंदट वास, फाटकावर पहारेकरी आणि कर्मचाऱ्यांना विमानतळावर नेणारी बस. फर्निचर कंपनीचं. खुर्ची उलटी केली की खाली नंबर चिकटवलेला. तिथे कोणीच कुणाच्या घरात राहत नव्हतं, सगळे कंपनीच्या खुर्चीत टेकलेले. नोकरी गेली की व्हिसा गेला, व्हिसा गेला की महिन्याभरात बिऱ्हाड उचला. आणि नोकरी जायला काही मोठी चूक करावी लागते असंही नाही. ठरावीक मुदतीने होणाऱ्या तपासणीत डॉक्टरच्या कपाळाला आठी पडली तरी पुरे. म्हणून तिथले वैमानिक साधी शिंक आली तरी दार लावून शिंकत.

मास्तरच्या बायकोला तिथे नोकरी करायला मनाई होती. तिच्या व्हिसावर तसा शिक्काच होता. कॉलेजात पोरांना धाकात ठेवणारी बाई दुपारभर कंपनीच्या सोफ्यावर बसून भिंतीकडे बघायची. तिला तारलं मामाच्या लेकीने. मुलगी शाळेच्या वरच्या वर्गात गेली, रसायनशास्त्र काही केल्या डोक्यात शिरेना, आणि ती वह्या घेऊन खाली आली. "काकू, मला हे सगळं विष वाटतं." काकू हसली. "विष असेलच. पण कुठलं ते तरी ओळखता यायला हवं ना?" त्या दिवसापासून रोज दुपारी मुलगी खाली येऊ लागली. मास्तर जोडप्याला मूल नव्हतं. ते नव्हतं हे दोघांनी केव्हाच गिळलं होतं, पण दुपारी त्या पोरीच्या चपला दारात दिसल्या की घर भरल्यासारखं वाटायचं. मास्तर ड्युटीवरून यायचा तेव्हा आतून दोघींचं भांडण ऐकू यायचं, आणि तो मुद्दाम बाहेर थोडा वेळ थांबायचा.

अशी काही वर्षं गेली. चांगली गेली.

मग ती दुपारची परतीची फेरी आली. ठरलेला को-पायलट ऐन वेळी आजारी पडला, राखीव माणूस हाताशी नव्हता, म्हणून कंपनीने दोन्ही सीटवर कॅप्टन बसवले. डावीकडे मामा, उजवीकडे मास्तर. दोघंही खूश. वर गेल्यावर गप्पांना ऊत आला.

"मास्तर, आज माझं काही चुकलं तर छडी मारणार की अंगठे धरायला लावणार?" मामा म्हणाला.

"तुझं पोट बघता अंगठ्यापर्यंत हात पोचायचा नाही," मास्तर म्हणाला.

खाली उतरताना आभाळ स्वच्छ होतं. धावपट्टी समोर आखल्यासारखी दिसत होती. मामाने ऑटोपायलट काढला. विमान हाताने उतरवायला त्याला आवडायचं. जमीन जवळ येत होती आणि मास्तरच्या लक्षात आलं की वेग कमी होतोय. ठरल्याप्रमाणे त्याने मोठ्याने सांगितलं, "स्पीड." मामाने ऐकलं नाही. विमान किंचित उजवीकडे सरकू लागलं. मास्तरने पुन्हा सांगितलं आणि मान वळवून पाहिलं. मामाचे डोळे उघडे होते, समोर लागलेले, पण त्या डोळ्यांत मामा नव्हता. ओठ तेवढे हलत होते, काहीतरी चघळत असल्यासारखे.

दोनदा सांगून उत्तर आलं नाही तर शेजारचा माणूस असून नसल्यासारखा धरायचा, हा नियम मास्तरला पानाच्या नंबरासकट पाठ होता. पण नियम पाठ असणं वेगळं आणि मामाच्या हातातून विमान काढून घेणं वेगळं. "आय हॅव कंट्रोल," तो म्हणाला, आणि ते बोलताना आपलाच आवाज त्याला दुसऱ्याचा वाटला. मामाचा हात त्याने बाजूला सारला. झोपलेल्या मुलाचा असतो तसा सैल होता तो. मास्तरने इंजिनांना जोर दिला, नाक सरळ केलं. खरं तर पुन्हा वर जायला हवं होतं. पण या अवस्थेतल्या मामाला घेऊन आकाशात घिरट्या घालायला त्याचं मन धजेना. त्याने विमान टेकवलं. जरा आदळलं, पण टेकलं.

विमानाचा वेग मंदावला आणि मास्तर अडकला. त्या विमानात जमिनीवर वळवायचं छोटं चाक फक्त डाव्या सीटपाशी. टॉवरवरचा माणूस घाई करत होता, धावपट्टी मोकळी करा, मागे दुसरं विमान आहे. तेवढ्यात मामाने एक दीर्घ श्वास घेतला, डोळे चोळले, आणि सवयीने त्याचा हात चाकाकडे गेला. विमान व्यवस्थित वळलं.

"उतरलो?" मामाने विचारलं.

मास्तरने टॉवरला धावपट्टी मोकळी झाल्याचं कळवलं.

प्रवासी उतरताना मामा नेहमीप्रमाणे दारात उभा राहिला. एक म्हातारी त्याचा हात हातात घेऊन कितीतरी वेळ आभार मानत होती. मास्तर मागे बसून ते बघत होता.

स्टाफच्या पार्किंगमध्ये दोघं मामाच्या गाडीत बसले. या वेळी गाडी चालवायला मास्तर बसला होता, पण त्याने ती सुरू केली नाही.

"किती वेळ?" मामाने विचारलं.

"अर्धं मिनिट. जास्तच असेल."

"डुलकी लागली असणार."

"डोळे उघडे होते मामा." मास्तर त्याच्याकडे वळला. "याआधी झालंय?"

मामाने टोपी मांडीवर फिरवली. "एकदा. घरी. दाढी करत होतो. भानावर आलो तर नळ वाहत होता आणि अर्ध्या तोंडाला साबण तसाच. मामीला सांगितलं नाही."

"आजच्या आज रिपोर्ट करावा लागेल."

"कर. मग मी आजच संपलो." मामा शांतपणे बोलत होता, शिकवताना बोलायचा तसा. "पोरीचं शेवटचं वर्ष आहे. मधेच उठवली तर वर्ष गेलं. परीक्षा होऊ दे, मास्तर. मी स्वतः परवाना टेबलावर ठेवतो आणि निघतो."

"मागे माणसं बसलेली होती."

"मागे कोण बसतं ते तुला मी शिकवलंय. मला शिकवू नकोस."

शेवटी असं ठरलं की मामाने ताबडतोब रजा टाकायची, गावी जायचं, मेंदूच्या डॉक्टरला दाखवायचं, आणि तो काय म्हणतो ते कळेपर्यंत विमानात पाऊल ठेवायचं नाही. मामाने लेकीची शपथ घेतली. मास्तरने रिपोर्ट केला नाही. घरी बायकोने विचारलं, "चेहरा का असा?" तर तो म्हणाला, "झोप झाली नाही."

मामा मामीला घेऊन रजेवर गेला, मुलगी तेवढे दिवस खालीच राहिली. मामा परत आला तो ताजातवाना, थोडा सुटलेला, मास्तरसाठी चपला घेऊन. "डॉक्टर म्हणाला, जागरणं आणि ताण. बाकी ठणठणीत." मास्तरच्या छातीवरचा दगड उतरला. डॉक्टरचं नाव काय, तपासणी कुठली केली, कागद कुठे आहेत, यातलं काहीही त्याने विचारलं नाही. एरवी दुधाच्या पिशवीवरचीही तारीख वाचणारा माणूस, पण त्याला नव्या चपला पायात घालून बघायच्या होत्या.

मामा पुन्हा उडू लागला.

मग एका संध्याकाळी मामी खाली येऊन भाजी निवडत बसली होती. मास्तर सहज म्हणाला, "तिथला डॉक्टर चांगला भेटला म्हणायचा."

"कुठला डॉक्टर?" मामीने मान वर केली. "कुणाला काय झालं?"

"नाही... म्हणजे, रजेत मामा दाखवणार होता ना, पाठ दुखते म्हणून."

"छे हो भावजी. आम्ही सगळी रजा नणंदेकडे काढली. हे दिवसभर झोपून. मी म्हटलं, बाजारात तरी चला, तर तेही नाही. एका दुपारी तेवढे बाहेर पडले, ते तुमच्या चपला घ्यायला."

मास्तर गच्चीवर गेला. मामा तिथे फेऱ्या मारत होता, वाळत घातलेल्या चादरींच्या मधून.

"आयुष्यभर तुला मामा म्हटलं," मास्तर म्हणाला, "आणि तू मलाच मामा बनवलंस."

मामा हसला. बहुधा सवयीने. मग त्याने ओळखलं आणि तो थांबला.

"डॉक्टरकडे गेलो असतो तर त्याने काहीतरी सांगितलं असतं," तो म्हणाला. "एकदा सांगितलं की मला माहीत नव्हतं असं म्हणता येत नाही."

"तू लेकीची शपथ घेतली होतीस."

"लेकीसाठीच मोडली."

"उद्यापासून उडू नकोस. आजारी आहे म्हणून कळव."

"आजारी म्हटलं की कंपनीचा डॉक्टर बोलावतो. परीक्षेपर्यंत गप्प राहा, एवढंच मागतोय. त्या दिवसानंतर मला काहीच झालेलं नाही. एकदाही नाही."

"तुला कसं कळणार झालं की नाही? तुला त्या दिवशी कळलं होतं?"

मामा कठड्याला टेकला. त्याचा आवाज बदलला. "हे बघ मास्तर. त्या दिवशी तू सांगितलं नाहीस. आज सांगशील तर ते विचारतील, इतके दिवस का लपवलंस? आपण दोघंही जाऊ. तुझ्या बायकोला विचार, पुन्हा तसा शर्ट घालून हॉलमध्ये बसणार आहेस का."

 त्या कोंडलेल्या दिवसांची गोष्ट मास्तरने फक्त मामाला सांगितली होती.

दुसऱ्या दिवशी मास्तरला सुट्टी होती. तो खिडकीत उभा होता तेव्हा युनिफॉर्ममधला मामा बसकडे जाताना दिसला. सोबत एक को-पायलट मुलगी होती, ट्रेनिंग नुकतंच संपलेली. मामा हातवारे करून तिला काहीतरी समजावत होता आणि ती हसत होती. आपण त्या दिवशी उजव्या सीटवर होतो, आपण कॅप्टन होतो, आपल्याला मामाची प्रत्येक सवय माहीत होती. तरी दोनदा हाक मारून हात पुढे करायला जड गेलं. ही मुलगी आपल्याला शिकवणाऱ्याच्या हातातून विमान काढून घेईल? ती तिसऱ्यांदा हाक मारेल. चौथ्यांदा मारेल. घाबरून आदराने मारत राहील.

मास्तरने चपला चढवल्या आणि टॅक्सी पकडली.

चीफ पायलट तिथलाच स्थानिक माणूस होता, मऊ आवाजाचा. त्याने सगळं ऐकून घेतलं. एकच प्रश्न विचारला, "हे कधी घडलं?" मास्तरने खरी तारीख सांगितली. चीफने आधी फोन उचलून मामाचं विमान थांबवलं. मग कॅलेंडर पाहिलं, खिडकीतून बाहेर पाहिलं.

"एका दिवसात दोन कॅप्टन घालवणं मला परवडणार नाही," तो म्हणाला. "तुम्हाला त्या वेळी नक्की काय झालं याची खात्री नव्हती. काल त्यांच्याशी बोलून खात्री पटली, आणि आज तुम्ही लगेच आलात. असंच आहे ना?"

नाही म्हणायची ती वेळ होती. मास्तरला ते तेव्हाही कळलं. पण त्याने मान हलवली, आणि ती होकारार्थी हलली.

तो बाहेर पडला तेव्हा काचेपलीकडे कर्मचाऱ्यांच्या टेबलाशी मामा उभा होता. सुरक्षा विभागाचे दोघंजण त्याच्याशी हळू आवाजात बोलत होते. ती को-पायलट मुलगी गोंधळून एकदा याच्याकडे, एकदा त्याच्याकडे बघत होती. मामाने वर पाहिलं. घरच्या कपड्यांतला, नव्या चपला घातलेला मास्तर त्याला चीफच्या दारात दिसला.  त्याने हातातलं पेन खिशाला लावलं, टोपी उचलली आणि आपली बॅग ओढत निघाला. बॅगेचं एक चाक करकरत होतं. अख्ख्या हॉलमध्ये तेवढाच आवाज.

कंपनीच्या डॉक्टरने मामाच्या डोक्याचं स्कॅनिंग केलं. आत गाठ निघाली. परवाना त्याच दिवशी गेला, नोकरी त्यामागून, आणि घर खाली करायला महिन्याची मुदत मिळाली. मुलीची परीक्षा त्यानंतर होती.

मास्तरची बायको वर गेली. तिला आतापर्यंत सगळं कळलं होतं, पण नवऱ्याकडून नव्हे, जिन्यात कुणाकडून तरी. ती मामीला म्हणाली, "पोरीला माझ्याकडे ठेवा. परीक्षा होईपर्यंत. मी बघते सगळं."

मामीने दार पूर्ण उघडलं नव्हतं. "आणि तिला काय सांगू? ज्यांनी बापाला घालवलं त्यांच्या घरी बसून अभ्यास कर?"

"मामी, मामांना गाठ आहे. उद्या विमानात काही..."

"हो गं. सगळं बरोबरच आहे. मला काय ते समजत नाही का?" मामीचा आवाज फाटला. "पण ते तुझ्या नवऱ्याने आम्हाला येऊन सांगायचं होतं. मला सांगायचं होतं. मी यांना फरपटत नेलं असतं डॉक्टरकडे. मी भाजी निवडत असताना माझ्यासमोर बसला, पाठ दुखते म्हणाला, आणि दुसऱ्या दिवशी साहेबाकडे गेला."

मास्तरची बायको खाली आली आणि हे जसंच्या तसं नवऱ्याला सांगितलं. तो दचकला. इतक्या रात्री त्याने छताकडे बघत काढल्या होत्या, नियम, माणसं, मैत्री, सगळं तोलून पाहिलं होतं. पण मामीला सांगावं हे त्याच्या मनाला शिवलंही नव्हतं.

"मी चूक केली का?" त्याने विचारलं.

"नाही. बरोबर केलंस," बायको म्हणाली. "पण ते मला रोज रोज विचारू नकोस."

जायच्या आदल्या दिवशी मुलगी पुस्तकं परत करायला आली. काकू आत होती, दार मास्तरने उघडलं. तिने पुस्तकं त्याच्या हातात दिली नाहीत. वाकून उंबऱ्याशी ठेवली आणि आत हाक मारली, "काकू, येते हं." काकू बाहेर येईपर्यंत ती जिन्यावर पोचली होती. बायकोने मग ती पुस्तकं उचलली, एकेक पुसली, आणि त्या दुपारी जेवली नाही.

महिन्याभरात चीफने मास्तरला बोलावून मामाची जागा देऊ केली. ट्रेनिंग कॅप्टन. मास्तर म्हणाला, "मला नको." चीफ म्हणाला, "विचार करा. करार संपत आलाय तुमचा. नको म्हणणाऱ्यांची आमच्याकडे नोंद होते." घरी येऊन त्याने बायकोला सांगितलं. ती कपडे घडी करत होती.

"घे," ती म्हणाली. "घेतलीस तरी लोक म्हणणार त्यासाठीच केलं, नाही घेतलीस तरी म्हणणार मिळाली नाही वाटतं."

त्याने घेतली. तो शिकवायला उभा राहिला की वर्ग चिडीचूप असायचा. बसमध्ये त्याच्या शेजारची सीट रिकामी राहायची. पण सगळ्यात वाईट होतं ते वेगळंच. त्याच्यासमोर कोणी आपलं दुखणं बोलेनासं झालं. आधी पोरं मामाला सांगायची, मामा, आज डोकं जड आहे, मामा, बाळ रात्रभर रडलं, झोप नाही. मामा त्यांना गुपचूप बदली माणूस मिळवून द्यायचा. आता मास्तर समोर दिसला की अंगात ताप असलेला माणूससुद्धा ताठ बसायचा आणि विमान घेऊन निघायचा. हे मास्तरला दिसत होतं. डोळे बघून ओळखू यायचं. तो म्हणायचा, "बरं नसेल तर सांगा." ते म्हणायचे, "अगदी फिट, सर."

दोनेक वर्षांनी मास्तर रजेवर मायदेशी गेला. मामाची शस्त्रक्रिया झाली, तो बरा आहे, एवढं कानावर आलं होतं. बायको म्हणाली, "चल, जाऊन येऊ." तिच्याकडे पत्ता होता. मास्तरला आश्चर्य वाटलं. तिने मग सांगितलं, मुलगी तिला अधूनमधून फोन करते, केव्हापासूनच. वर्ष गेलं तिचं, पण आता ती कॉलेजात आहे, रसायनशास्त्रच घेतलंय.

"मला कधी बोलली नाहीस."

"तू असलास की ती फोन ठेवते."

मामाचं घर तळमजल्यावर होतं. पुढच्या खोलीत फळा आणि बाकं. वैमानिक व्हायला निघालेल्या पोरांचे क्लास घ्यायचा तो. डोक्याच्या एका बाजूला केस उगवले नव्हते, तिथे लांब व्रण होता. मामा उठून उभा राहिला.

"या या, कॅप्टनसाहेब. बसा."

मास्तर क्षणभर मागे वळून पाहणार होता, कोण आलंय म्हणून. मग कळलं, हे आपल्याला आहे.

"कसा आहेस मामा?"

"उत्तम. तुमचं कसं चाललंय? फार दगदग होत असेल ना तिकडे. आता कुठलं विमान देतात तुम्हाला?"

अहो-जाहो करत, खुर्ची पुढे सरकवत, पंख्याखाली बसा म्हणत मामाने त्याची सरबराई केली. मामीने चहा आणला. कप ठेवताना ती मास्तरकडे न बघता म्हणाली, "डॉक्टर म्हणाले, आणखी थोडा उशीर झाला असता तर हातातून गेले असते. वेळेवर सापडलं."

"उपकार झाले तुमचे," मामा म्हणाला. टोमणा नव्हता त्यात. टोमणा असता तर मास्तरला धरायला काहीतरी मिळालं असतं. मामा ते असं म्हणाला, जसं पत्ता सांगणाऱ्या परक्या माणसाला म्हणतात.

"मामा," मास्तर म्हणाला, "एकदा शिव्या तरी घाल रे."

"छे छे. असं काय बोलता?" मामा फळ्याकडे बघत म्हणाला. "पोरं यायची वेळ झाली. चहा घ्या, गार होतोय."

मास्तरने चहा घेतला. आतल्या खोलीत त्याची बायको आणि ती मुलगी बोलत होत्या. मधेच दोघी हसल्या. मास्तर तिथे बसून ते ऐकत राहिला, क्लासची पहिली पोरं दारात येईपर्यंत.

बाहेर पडल्यावर रिक्षा मिळेपर्यंत दोघं फुटपाथवर उभे राहिले.

"माझ्या जुन्या कॉलेजात जागा निघालीय," बायको म्हणाली. "मी अर्ज केलाय."

"कधी?"

"इथे यायच्या आधी. तिकडूनच." ती रस्त्याकडे बघत होती. "तुझ्यावर रागावून नाही. तिथे माझ्या वाट्याला एक दुपार होती. तीही राहिली नाही. नुसतं तुझ्या कपड्यांना इस्त्री करून किती दिवस काढू?"

मास्तरला म्हणायचं होतं की मीही सोडतो, मीही राहतो. पण राहून काय करणार? इथे त्याच्या वयाच्या कॅप्टनला कोणी घेत नव्हतं. तो म्हणाला, "हा नवा करार संपेपर्यंत काढतो तिकडे. मग बघू."

"बघू," ती म्हणाली.

रजा संपली तेव्हा ती विमानतळापर्यंत आली. त्याच्या बॅगेत तिने डबा ठेवला होता, औषधं ठेवली होती, शर्टांच्या घड्या नीट घातल्या होत्या. आपल्याच कंपनीच्या विमानात तो प्रवासी म्हणून बसला. त्याचा एक जुना विद्यार्थी ते विमान नेणार होता. निघायच्या आधी तो मुद्दाम बाहेर आला, अदबीने वाकला, "सर, पुढे बसायला येता का कॉकपिटमध्ये?"

त्याचे डोळे लाल होते. झोप झाली नसावी. मास्तरला ते दिसलं, आणि आपल्याला दिसलंय हे त्या पोराला कळलं. पोराने पटकन नजर वळवली.

"नको," मास्तर म्हणाला. "तू जा."

पोरगा सुटल्यासारखा गेला. मास्तरने पट्टा बांधला. विमान आकाशात स्थिरावेपर्यंत त्याचे हात मांडीवर घट्ट मिटलेले होते.